डंजन सोडून जाणाऱ्याला शिक्षा कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"ऑनलाइन खेळच आहे, एखादा मधून निघून गेला तर एवढं काय? त्यासाठी अर्धा तास बंदी म्हणजे जरा जास्तच नाही का?" मावसभावंडं हे विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि रात्री ज्यांच्याबरोबर खेळते ते आपल्याकडचे खेळाडू तर सगळ्यात जास्त विचारतात. उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं. दर वेळी बोलणं अर्धवट राहतं, कारण मध्येच कोणीतरी म्हणतं, "अगं, पण आपल्याकडं लाईट जाते त्याचं काय?" आणि विषय तिकडंच जातो. म्हणून एकदा सगळं लिहिते, लाईटीसकट.

मी फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन खेळ खेळते, हीलर म्हणून. डंजन म्हणजे शत्रूंनी भरलेली जागा, टोळीनं मिळून पार करायची. त्यात चार जण लागतात: एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (उपचार करणारा), दोन डीपीएस (वार करणारे). रांगेत नाव घातलं की खेळ अनोळखी माणसं जोडून देतो. मधूनच स्वतःहून बाहेर पडलात तर ३० मिनिटं नव्या रांगेत नाव घालता येत नाही. शिक्षा म्हणतात ती एवढीच. बाकी खेळ चालूच असतो. बाजारात जा, मासे धरा, कपडे बदला, कोणी अडवत नाही.

आता जे मागे राहतात त्यांचं बघा. डीपीएस खेळणारे रांगेत सगळ्यात जास्त थांबलेले असतात, कारण टँक आणि हीलर कमी असतात. थांबून थांबून नंबर लागतो आणि पहिल्या दहा मिनिटांत टँक निघून जातो. उरलेल्या तिघांनी बदली माणूस येईपर्यंत उभं राहायचं. आमच्याकडं पेरणीला सावड करतात. तुमचे बैल माझ्या रानात, माझे तुमच्या. माझं रान पेरून झालं आणि तुमच्या रानात दोन तासं मारून मी बैल सोडून घरी निघाले, तर तुम्ही "जाऊ द्या, शेतीच आहे" म्हणाल का?

हे मला इतकं का लागतं, ते सांगते.

माझा धाकटा भाऊ आधी डीपीएसच खेळायचा. टँक व्हायला घाबरायचा. टँकला पुढं चालावं लागतं, शत्रूंच्या कुठल्या टोळीला अंगावर घ्यायचं ते त्यानं ठरवायचं असतं, आणि तो चुकला की चौघांनाही दिसतं. मेच्या सुट्टीत मी मागं लागून त्याला टँक करायला लावलं. हळूहळू ४७व्या पातळीपर्यंत आला. तिथं ऑरम व्हेल नावाचं डंजन लागतं. जुन्या खेळाडूंच्या कपाळाला या नावानंच आठ्या पडतात. पहिल्याच मोकळ्या जागेत टोळ्या एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या असतात की एकीला छेडायला गेलं की दुसरी धावून येते. भिंतीच्या कडेकडेनं जायचं, हे मी त्याला जेवताना सांगून ठेवलं होतं.

लातूरची दुपार, खिडकीत कूलर, मी टेबलाशी आणि तो दिवाणावर मांडीवर लॅपटॉप घेऊन. आम्ही दोघं आणि दोन अनोळखी डीपीएस. आत गेल्यावर खेळ सगळ्यांना दाखवतो की पार्टीत कोणीतरी इथं पहिल्यांदाच आलंय, पूर्ण केलंत तर जादा बक्षीस मिळेल. म्हणजे नवा पोरगा आहे हे त्या दोघांना माहीत होतं, आणि त्याचा त्यांना फायदाही होता. भावानं वर इंग्रजीत लिहिलंसुद्धा, की पहिल्यांदा टँक करतोय, सांभाळून घ्या. एकानं "ओके" टाकलं. दुसरा काही बोलला नाही.

भिंत धरून तो बरोबर चालला होता. मग न बोललेल्या डीपीएसनं टँकच्या आधीच पुढच्या टोळीवर वार केला. ती टोळी आली, तिच्यामागून आणखी एक आली. जमिनीवर नारिंगी वर्तुळ उमटलं, म्हणजे वार इथं पडणार ही खूण, भाऊ त्यातून बाहेर सरकला. त्याच्या पडद्यावर तो बाहेर होता, मी बघत होते. तरी मार बसला, कारण वार पूर्ण होताना तुम्ही कुठं होता हे सर्व्हर ठरवतो, आणि आमचं सगळं युरोपात जाऊन परत येतं. इथून खेळणाऱ्यानं जपानी किंवा युरोपी माणसापेक्षा आधी हलायचं असतं. ते अंगात मुरायला वेळ लागतो. मी उपचार करत राहिले, माझी शक्ती संपली, आणि चौघंही मेलो.

मेलो म्हणजे काय? खेळ तुम्हाला डंजनच्या तोंडाशी आणून ठेवतो. दोन मिनिटांत परत त्याच जागी पोचता. डंजनला ९० मिनिटं दिलेली असतात, आमची पाच-सातही गेली नव्हती.

ज्यानं आधी वार केला होता तो एक शब्द न बोलता गेला. दुसऱ्यानं "जीएल" (गुड लक) एवढी दोन अक्षरं टाकली आणि तोही गेला. या खेळात "क्षमस्व", "धन्यवाद", "परत प्रयत्न करू" अशी तयार वाक्यं आहेत. जपानी माणसानं टाकलं तर इंग्रजीवाल्याला इंग्रजीत दिसतं. दोन कळा दाबायच्या, बस. तेवढंही नाही.

भाऊ बराच वेळ चॅट वर सरकवून ती ओळ वाचत होता, अमुक पार्टी सोडून गेला, तमुक पार्टी सोडून गेला. मग म्हणाला, "ताई, मी लई वाईट खेळायलो का?"

मी नाही म्हणाले. खरंच नव्हता खेळत वाईट. पण माझ्या नाही म्हणण्याला किंमत नव्हती, मी त्याची बहीण. बदली म्हणून एक जण आला, कुठलं डंजन आहे ते बघितलं आणि परत गेला. शेवटी आम्ही दोघांनी मत देऊन डंजन सोडलं. त्यानंतर तो टँक म्हणून कधी रांगेत उभा राहिला नाही. अजून खेळतो, डीपीएस. विषय काढला की "मला हेच बरंय" म्हणतो. तुम्ही रांगेत टँकची वाट बघत बसता ना, तर एक टँक असा कमी झाला.

आता लाईट.

नेट तुटलं की पार्टीच्या यादीत नावापुढं तशी खूण येते. माणूस परत आला की डंजनमध्येच उगवतो. स्वतः मेन्यू उघडून बाहेर पडलं की थेट "सोडून गेला" अशी ओळ येते. त्या दिवशी दोन्ही नावांपुढं हीच ओळ होती. डीपी जळाला, जेसीबीनं फायबर तोडला, इन्व्हर्टरनं मान टाकली, या सगळ्यातून मी गेलेय, आणि राउटर चालू होऊन आत येईपर्यंत माझी पार्टी थांबलीय. थांबणारी माणसं आहेत. म्हणून लाईटीचा मुद्दा काढून बटण दाबणाऱ्याला सोडा म्हणू नका. आपली अडचण त्यांच्या ढालीसाठी कशाला द्यायची?

हां, वायर उपटून पळणारा आणि लाईट गेलेला, हे दोघं यंत्राला सारखेच दिसतात. ते मला मान्य आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारायच्या आत मीच बोलते. त्या दुपारीही ३० मिनिटांची शिक्षा होतीच. तरी ते गेले. अर्ध्या तासात माणूस जेवून येतो. त्या काळात मी रागानं म्हणायचे की दिवसभर बंदी घाला, नावापुढं खूण लावा, सगळ्यांना दिसू द्या. माझं ते म्हणणं काही जणांनी जपून ठेवलंय आणि अधूनमधून मला दाखवतात. पण मी नंतर असेही लोक बघितले जे शिक्षा नको म्हणून बाहेर पडत नाहीत. कोपऱ्यात उभे राहतात आणि बाकीच्यांनी मत देऊन काढायची वाट बघतात. एक टँक तर मुद्दाम शत्रूकडं पाठ करून उभा होता. शिक्षा जितकी मोठी, तितकी ही माणसं वाढणार, हे मला दिसतं. तरी त्या वेळची मी पूर्ण चुकीची होते असं आजही वाटत नाही. मन लावून खेळणाऱ्या पोराचा हिरमोड होतो त्याची भरपाई कोण करतं? कोणीच नाही.

मत देऊन सोडायची सोय मला सगळ्यात रास्त वाटते. सगळ्यांनी मिळून ठरवलं की नाही जमत, तर कोणालाच शिक्षा नाही. फक्त आधी बोलावं लागतं, आणि पळणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळात २००९ला अनोळखी लोकांना जोडणारी सोय आली, सोडून जाणाऱ्याला शिक्षा तिथंही आहे. पण २०१६च्या लीजन या आवृत्तीपासून तिथं किल्लीवाली डंजन आहेत, एकाची किल्ली लावून ठरल्या वेळेत पूर्ण करायची. त्यात एक जण गेला आणि वेळ चुकली की किल्ली ज्याची, त्याच्या किल्लीची पातळी एकानं उतरू शकते. गेला एक, भरलं दुसऱ्यानं. डोटा २ या सामन्यांच्या खेळात सतत सोडणाऱ्यांना कमी प्राधान्याच्या वेगळ्या रांगेत टाकतात, आणि ठरलेले सामने जिंकल्याशिवाय बाहेर येता येत नाही. सवय बघून शिक्षा वाढवायची ही पद्धत मला पटते. एकदा कोणाच्याही घरात बाळ रडतं, दूध उतू जातं, पाहुणे येतात. त्याला ३० मिनिटंसुद्धा नकोत. आठवड्यात पुन्हा पुन्हा जो ऑरम व्हेल दिसलं की जातो, त्याला अर्धा तास म्हणजे काहीच नाही.

फक्त "पुन्हा पुन्हा" म्हणजे किती वेळा, तिथं मी अडते. जूनच्या पहिल्या वाऱ्यावादळात आमच्या गल्लीतली लाईट एका संध्याकाळी चार-चारदा जाते, आणि वायर उपटणारा तेवढ्याच वेळा वायर उपटतो. आकडा पाच ठेवला तर तो पाचव्याच्या आधी थांबेल, तीन ठेवला तर परभणीचा एखादा पोरगा फुकट अडकेल. यावर माझ्या भावाचंच मत माझ्याविरुद्ध आहे. तो म्हणतो, "राहू दे ना ताई, ज्याला नाही खेळायचं त्याला धरून कशाला ठेवायलीस?" त्याला मी अजून पटवू शकलेले नाही, आणि त्याचं ऐकून शिक्षा काढून टाका असंही म्हणणार नाही.