आईला लागलेलं बक्षीस

मुलुंडला आईच्या नावाने जाड लिफाफा आला. नाव, पत्ता, खोली नंबर, सगळं बरोबर. आत स्क्रॅच कार्ड. नाण्याने खरवडलं तर ‘स्टीलचा डिनर सेट, एकदम मोफत’. फक्त टॅक्स आणि पाठवणीचे 1,999 रुपये, तेही माल हातात पडल्यावर. आईने मोजले. खोक्यात निघाल्या सहा पातळ ताटल्या. “अरे, नाव बरोबर होतं ना, म्हणून,” एवढंच म्हणाली आणि दोन दिवस गप्प.

मी 1915 ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रारीचा नंबर मिळाला. पण तिथे समजुतीने मिटवायचा प्रयत्न होतो, आदेश निघत नाही. कंपनीने उत्तरच दिलं नाही.

मग कायदा उघडला. मला वाटायचं, बक्षीस म्हणजे फुकटचं, त्यात तक्रार कसली? तर ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47): द्यायचं मनात नसताना बक्षीस दाखवणं किंवा किंमत वसूल करून वर ‘मोफत’ म्हणणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा. आणि ज्या 1,999 रुपयांबद्दल आई स्वतःला बोल लावत होती, त्यांच्यामुळेच ती कायद्याने ‘ग्राहक’ ठरत होती! पुरावा म्हणून हवा असलेला लिफाफा मात्र रद्दीत गेला होता. गठ्ठा सोडून शोधला.

समोरच्या काकांनाही तसलाच लिफाफा आलेला. “मी कुठे पैसे दिले? मी काय तक्रार करणार?” भरपाई त्यांना मागता येणार नव्हती, पण कलम 17 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे कळवता येतं. फसव्या जाहिरातीला प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. काकांनी लगेच चष्मा शोधला.

कंपनी परराज्यातली, याचीच मला धास्ती होती. पण कलम 34 प्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, आमच्यासाठी वांद्र्याला. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. (सकाळच्या गर्दीत दादरला गाडी बदलणं, हीच काय ती फी.)

आधी स्पीड पोस्टने नोटीस धाडली. कलमं, फोटो, पावती, 15 दिवसांची मुदत. बाराव्या दिवशी आईच्या खात्यात 1,999 जमा. ना पत्र, ना माफी.

ताटल्या न्यायला कोणी फिरकलं नाही. त्या आता गॅलरीत तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांखाली आहेत.