आमची वाटचाल : कामगंध गोळीमागचे रसायन

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा आम्ही फक्त फळमाशीच्या सापळ्यांसाठी मिथाइल युजेनॉलच्या वड्या भरत असू आणि घाटाखाली सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदारांना पुरवत असू. ते रसायन मुळात वनस्पतींमधले आहे. किडीचा स्वतःचा गंध, म्हणजे जोडीदाराला बोलावण्यासाठी ती सोडते तो कामगंध, आपल्या प्रयोगशाळेत घडवावा, ही ओढ मात्र आम्हाला पहिल्यापासून होती.

१९५९ मध्ये जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांना रेशीम पतंगाचा कामगंध ओळखण्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या. आता थोड्याच माद्यांवरून वाहणारी हवा शोषकावर धरतात, गॅस क्रोमॅटोग्राफमधून सुट्या होणाऱ्या प्रत्येक घटकाचा काही भाग नराच्या शृंगिकेवर (डोक्यावरच्या मिशीवर) सोडतात, आणि शृंगिकेत विद्युत स्पंद उमटला की नेमका घटक सापडतो.

रेणू कळला तरी त्याची डाव्या-उजव्या हातांसारखी एकमेकांची प्रतिबिंबे असलेली रूपे असू शकतात, त्यातले कोणते हवे, हा प्रश्न उरतोच. जंगलातल्या झाडांची पाने फस्त करणाऱ्या जिप्सी मॉथ या पतंगाच्या डिस्पार्ल्युअर या कामगंधाचे एकच रूप नरांना खेचते आणि त्याचे आरशातले प्रतिरूप मिसळले की ती ओढ घटते. अशी शुद्धता लहान कारखान्याला परवडत नाही. नारळावरच्या सोंड्या भुंग्याचे तसे नाही. त्याचे फेरुजिनिऑल हे गंधरसायन नर सोडतात आणि त्यावर नर-मादी दोन्ही येतात, म्हणून काटेकोरपणे तो समूहगंध होय. शिवाय इतर रूपे मिसळली तरी त्याला बाधा येत नाही. म्हणूनच आम्ही ते निवडले. २-मिथाइलपेंटॅनालवर ब्युटाइल मॅग्नेशियम ब्रोमाइडची ग्रिन्यार अभिक्रिया (कार्बनच्या दोन साखळ्या जोडणारी) केली की ते एका टप्प्यात मिळते, मात्र या अभिक्रियेला ओलावा मुळीच खपत नाही आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये द्रावक कोरडे राखणे हीच आमची खरी कसोटी असते.

गंध भरलेली गोळी उत्तम असली तरी सापळ्याच्या बादलीत आंबणारे उसाचे तुकडे नसतील तर भुंगे कमी येतात, आणि सापळा कोवळ्या माडांच्या बागेत लावला तर ओढले गेलेले भुंगे त्याच माडांवर उतरतात. ही दोन वाक्ये आम्ही प्रत्येक पाकिटावर ठळक छापतो.

आता ऊस उत्पादक हुमणीसाठी (मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीसाठी) गोळी मागतात. राजस्थान-गुजरातकडे कडुनिंबासारख्या झाडांवर जमणाऱ्या होलोट्रिकिया कन्सँग्विनिया या जातीच्या मादीचा गंध अॅनिसोल आहे, हे खरे. पण आपल्या भागात उसाची मुळे खाणारी ल्युकोफोलिस ही जात निराळी आहे. तिच्या भुंगेऱ्यांवर आपल्याच शिवारात चाचणी झाल्याशिवाय ती गोळी आम्ही विकणार नाही.