ऑनलाइन पोकरची लांब सत्रे आणि शरीराची निगा

ऑनलाइन पोकरच्या लांब सत्रात शरीर सांभाळायचे असेल, तर चांगली खुर्ची घेण्याच्याही आधी शेवटच्या स्पर्धेत नावनोंदणी किती वाजता करायची हे ठरवावे लागते, असे माझे ठाम मत आहे. मी स्कॉटलंडमध्ये, एडिनबरा येथे राहते आणि रविवारी संध्याकाळी पोकरच्या स्पर्धा खेळते. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलेली असल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना या स्पर्धांचा प्रत्यक्ष संबंध येणार नाही. परंतु पडद्यासमोर तासन्‌तास बसून निर्णय घेणाऱ्या, विशेषतः ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या कोणालाही पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

कॅश गेममध्ये, म्हणजे प्रत्येक डावात थेट पैसे लावायच्या खेळात, मनात आले की टेबल सोडून उठता येते. स्पर्धेत ती मुभा नसते, कारण ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची रक्कम, वाढत जातात, खेळाडू बाद होत जातात आणि सगळ्या चिप्स एकाच्या हाती येईपर्यंत खेळ चालू राहतो. संध्याकाळी सुरू झालेली मोठी स्पर्धा येथील वेळेनुसार पहाटे दोन-तीनपर्यंत सहज लांबते. त्यात नावनोंदणी सुरुवातीनंतरही कित्येक तास खुली असते, त्यामुळे एका स्पर्धेतून बाद झालेला खेळाडू लगेच दुसरीत शिरतो आणि रात्र नकळत वाढत जाते. उठण्याची वेळ आपल्या हातात नसली तरी शेवटच्या स्पर्धेत शिरण्याची वेळ आपल्या हातात असते. सोमवारी कामावर जायचे असल्यास आठनंतर मी नव्या स्पर्धेत नाव नोंदवत नाही, आणि नोंदवायचेच झाले तर ब्लाइंड लवकर वाढणारी टर्बो स्पर्धा निवडते.

या नियमामागचे कारण झोपेचे आहे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी खालावते. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून वाहनचालकांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा नेमकी एवढीच आहे. सकाळी सातला उठलेला खेळाडू मध्यरात्री या स्थितीला पोहोचतो, आणि फायनल टेबल, म्हणजे उरलेल्या शेवटच्या मोजक्या खेळाडूंचे टेबल, तर त्याच्याही नंतर येते. बक्षिसाच्या रकमेचा मोठा वाटा पहिल्या काही क्रमांकांत असल्यामुळे संपूर्ण रात्रीतले सर्वांत महागडे निर्णय सर्वांत थकलेल्या मेंदूने घ्यावे लागतात. म्हणून रविवारी दुपारी अर्धा तास तरी वामकुक्षी घेणे हा खेळाच्या तयारीचाच भाग समजावा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्या डावांच्या नोंदी वेळेनुसार लावून पाहाव्यात. प्रत्येक डावावर वेळ नोंदलेली असते आणि मध्यरात्रीनंतरचे डाव वेगळे काढून तपासणे मुळीच कठीण नाही.

चहा-कॉफीचा हिशेबही याच घड्याळाला जोडलेला आहे. शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफिन दोनला अंथरुणावर पडताना अंगात असतेच. संध्याकाळी सहानंतर मी चहा बंद करते आणि जवळ कोमट पाणी ठेवते. जेवणाबाबत माझा आग्रह असा, की रविवारचा भात-रश्शाचा बेत दुपारीच उरकावा आणि सत्रात पोट जड होईल असे काही खाऊ नये. चमच्याने, एका हाताने खाता येईल आणि माऊस तेलकट होणार नाही, असे पदार्थ आधीच करून ठेवावेत: थर्मासमध्ये मुगाची मऊ खिचडी, मटकीची कोरडी उसळ, उपमा, सोबत एखादे केळे. चिवड्याचा डबा मात्र टेबलाजवळ नसलेला बरा, कारण पत्त्यांकडे लक्ष असताना हात डब्यात किती वेळा गेला याचे भान राहत नाही.

पोकर स्टार्ससारख्या मोठ्या संकेतस्थळावर तास पूर्ण होण्यास पाच मिनिटे उरली असताना सर्व स्पर्धा एकाच वेळी पाच मिनिटांसाठी थांबतात. एकाच वेळी अनेक टेबलांवर खेळणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे, आणि बहुतेक खेळाडू ती मोबाइलवरील संदेश वाचण्यात घालवतात याचे मला खरोखर वाईट वाटते. त्या पाच मिनिटांत डोळ्यांना दुसरा पडदा दाखवला तर विश्रांती झालीच नाही. प्रथम स्वच्छतागृहात जावे, मग चालावे. आमच्या जुन्या दगडी इमारतीचा जिना मला यासाठी उपयोगी पडतो. दोन मजले उतरून पुन्हा चढले की पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतले रक्त हृदयाकडे परत ढकलले जाते. हालचाल न करता बसून राहिल्यास ते पायांतच साचू लागते, आणि विमानाच्या लांब प्रवासात पायांत गुठळी होण्याची जी भीती सांगितली जाते तिचे मूळही याच निश्चल बसण्यात आहे. पाणी पिण्याची वेळसुद्धा या विश्रांतीशी जुळवून घेता येते: विश्रांती संपताच पेलाभर पाणी प्यायले, तर पुढच्या तासाच्या अखेरीपर्यंत बहुधा अडचण येत नाही. डावांच्या मध्येही संधी असते, कारण बहुतेक पाने सुरुवातीलाच फोल्ड करावी, म्हणजे टाकून द्यावी लागतात आणि तेवढ्यात उभे राहून पाठ ताणता येते.

डोळ्यांसाठी सर्वांत सोपा उपाय खुद्द खेळाच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. तेथे चौरंगी पाने निवडता येतात. इस्पिक काळे आणि बदाम लाल राहते, पण चौकट निळी व किलवर हिरवे दिसते. दहाव्या तासाला थकलेल्या नजरेला बदाम-चौकटीची गल्लत होणे अगदी शक्य असते, ती यामुळे टळते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अधूनमधून जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद साधारण वीस फुटांवर नजर न्यावी. खोलीत अंधार करून खेळू नये. पडद्यामागे मंद दिवा ठेवावा. प्रोग्रेसिव्ह (जवळचे व दूरचे एकाच काचेतून दाखवणारा) चष्मा असणारे पडदा वाचण्यासाठी नकळत हनुवटी वर उचलतात आणि मान दुखते तेव्हा खुर्चीला दोष देतात. त्यांनी पडद्याच्या अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घ्यावा.

मनगटाचा प्रश्न टेबलांच्या संख्येशी बांधलेला आहे. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट किंवा अधिक, आणि चार टेबले उघडली की क्लिकची संख्या शेकड्यांत जाते. फोल्ड, कॉल (समोरच्याइतकीच रक्कम लावणे) आणि ठरावीक रकमेची बोली यांसाठी कीबोर्डवरील कळा नेमून घ्याव्यात, मनगट सरळ रेषेत ठेवावे आणि रात्र वाढेल तशी टेबले कमी करावीत. अंगठा, तर्जनी व मधले बोट रात्री झोपेत बधिर होऊ लागले, तर मनगटातील मज्जातंतू दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पट्टा बांधून खेळत राहण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

सत्र संपल्यावर लगेच झोप येत नाही, कारण शेवटचा डाव मनात घोळत राहतो. त्याचे विश्लेषण मंगळवारवर टाकावे आणि सोमवारी सकाळी उजेडात चालायला जावे. डिसेंबरात येथे सूर्य पावणेचारच्या सुमारासच मावळतो, म्हणजे रविवारचे संपूर्ण सत्र अंधारातच होते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सरकारी सल्ला आहे, तो घरात बसून खेळणाऱ्यांनी तरी टाळू नये.

आता मनाविषयी. लागोपाठ डाव हरल्यावर छाती धडधडणे, जबडा आवळला जाणे आणि गेलेले पैसे तातडीने परत मिळवण्याची घाई सुटणे, यालाच खेळाडू टिल्ट म्हणतात. पाण्याने किंवा दीर्घ श्वासाने ते दर वेळी शमत नाही. खात्यात किती पैसे भरायचे याची मर्यादा म्हणूनच सत्राच्या आधी, शांत डोक्याने घालून ठेवावी. झोप, जेवण आणि घरातील माणसे यांपेक्षा खेळ वरचढ होऊ लागला असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे हे लक्षात घेऊन लाज न बाळगता मदत मागावी. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप या मोफत सेवेत नाव नोंदवले, की येथील सर्व परवानाधारक संकेतस्थळांवर आपल्याला खेळता येत नाही. ही मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे अशी निवडता येते आणि ती पुरी होईपर्यंत नोंदणी मागे घेता येत नाही.