तुम्ही विचारलंत म्हणून: बावचीचं तेल चेहऱ्याला लावू का?

"ताई, बाकुचिओलचं सिरम फार महाग पडतं. ते बावचीतूनच काढतात ना? मग मांडवीतल्या जडीबुटीवाल्या गांधीकडून बावचीचं तेल आणून लावलं तर?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात हल्ली हा प्रश्न सतत येतो. कधी कॉलेजच्या मुली विचारतात, कधी त्यांच्या आया. (बावची ही औषधी वनस्पती, आणि बाकुचिओल हे तिच्या बीतलं एक द्रव्य; सुरकुत्या आणि डागांसाठी लावतात.)

माझं उत्तर स्पष्ट आहे. तेल चेहऱ्याला लावू नका. शुद्ध बाकुचिओल लावायचं तर खुशाल लावा.

बी एकच, पण तिच्यात बाकुचिओलच्या जोडीला सोरालेन आणि आयसोसोरालेन ही द्रव्यंही असतात. आयुर्वेदात बावची श्वित्रावर, म्हणजे कोडावर, सांगितली आहे ती या सोरालेनच्या गुणामुळे. त्वचेत सोरालेन असताना उन्हातले अतिनील किरण पडले की ते पेशीतल्या डीएनएला घट्ट चिकटतं, आणि रंग तयार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. त्वचारोगतज्ज्ञांची 'पुवा' उपचारपद्धती, म्हणजे सोरालेन देऊन मग अतिनील किरण देणं, याच तत्त्वावर चालते. पण तिथे किरणांची मात्रा मोजून देतात, रुग्णावर लक्ष ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो आणि मुली भर दुपारी स्कूटरवर फिरतात. ते ऊन कोण मोजणार? ओढणी गुंडाळली तरी डोळ्यांभोवतीचा भाग आणि कपाळ उघडंच राहतं.

हे भाजणं लगेच दिसत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. लाली दुसऱ्या दिवशी येते, दोन-तीन दिवसांत वाढते, कधी फोड येतात. तोवर तेलाची आठवणही राहत नाही, दोष जातो नव्या फेसवॉशला. फोड बरे झाले तरी काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. डाग घालवायला निघालेल्या मुलीला नवे डाग मिळावेत, हे मला बघवत नाही.

आता बाकुचिओल. ते बावचीच्या बीतून पहिल्यांदा वेगळं केलं ते आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ते प्रसिद्ध केलं. हेच सुख देव पुढे आपल्या बडोद्याजवळ नंदेसरीच्या माल्टी-केम संशोधन केंद्रात होते. परदेशी बाटलीवरचं हे नाव आपल्या इतक्या जवळचं आहे, हे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

त्याची रचना अ जीवनसत्त्वासारखी नाही, पण त्वचेत काम बरंचसं रेटिनॉलसारखं, म्हणजे त्वचेला लावायच्या अ जीवनसत्त्वासारखं, करतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत ४४ जणांपैकी काहींनी ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि काहींनी ०.५ टक्के रेटिनॉल रोज एकदा असं १२ आठवडे लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले. साल निघणं आणि चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. चाचणी लहान आहे, तिच्यावर चमत्काराच्या जाहिराती उभ्या करू नयेत. पण रेटिनॉल न सोसणाऱ्या त्वचेसाठी मी हे सुचवते.

घेताना बाटलीवरची घटकांची यादी वाचा. 'बाकुचिओल' लिहिलेलं हवं. त्याऐवजी 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड ऑइल' असेल तर ते बीचं तेल आहे, बाटली कितीही देखणी असली तरी परत ठेवा. आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस बघा, कारण शुद्ध बाकुचिओलचीही काहींना अ‍ॅलर्जी होते. दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर सनस्क्रीन घ्या. डागांसाठी माझा पहिला भरवसा त्याच्यावरच आहे.

तेल आधीच लावलं असेल तर साबणाने हलक्या हाताने धुऊन टाका आणि दोन-तीन दिवस उन्हात जाऊ नका. लाल झालं तर लिंबू, हळद, बेसन काहीही लावू नका. फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि तेलाची बाटली बरोबर न्या.