आमची वाटचाल : साक्षीदार पेटी

निफाड तालुक्यात द्राक्षं पेट्यांत भरून परदेशी पाठवायचं आमचं छोटं पॅकहाऊस आहे. दोन प्रीकूलिंग चेंबर, एक कोल्ड स्टोरेज, हंगामात ऐंशी-नव्वद बाया, आणि जानेवारी ते एप्रिल झोपेच्या नावानं ठणठणाट. २००४ साली यजमान आणि धाकट्या दिरांनी भाड्याच्या शेडमध्ये पॅकिंग करून पहिला कंटेनर युरोपला पाठवला. माझ्याकडं फक्त हिशोबाची वही आली. ती अजून माझ्याकडंच आहे, म्हणून हे लिहायचं कामही माझ्यावर आलं.

आमच्या धंद्यात माल आधी जातो, भाव नंतर ठरतो. पिंपळगावच्या बाजारात शेतकऱ्याला संध्याकाळी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, मिळते. युरोपातल्या रॉटरडॅम बंदराची पट्टी दोन-अडीच महिन्यांनी येते, तीही जहाजभाडं, शुल्क, तिकडचं रीपॅकिंग, कमिशन असं सगळं कापून. उरेल ते आपलं. कधी उरतच नाही, उलट आपल्याच नावावर देणं दाखवतात. जगात कुठं काही बिनसलं की आमच्या पट्टीत एक ओळ वाढते.

ही गोष्ट कळायला आम्हाला २०१० उजाडावं लागलं. त्याआधी २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानं बागा झोडपल्या होत्या, त्यामुळं त्या वर्षी चांगला माल मिळाला याचंच अप्रूप होतं. आम्ही उत्साहात सात कंटेनर भरले. मालाचे नमुने लॅबमध्ये पास झालेले, कागद चोख. आणि एप्रिलमध्ये खरेदीदाराचा फोन: मालात सीसीसी सापडलंय, उचलणार नाही.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. फळ काढून झाल्यावरच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरावी, काडीच्या डोळ्यात घड धरावा म्हणून सगळेच मारायचे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला: एका कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं, म्हणजे अख्ख्या कंटेनरला मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. घरात मिठाची चिमूट जवळपास एवढीच असते. आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतंच. जे तपासलं नाही ते पास झालं म्हणून आम्ही पाठवलं. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही, खाणाऱ्याला स्वच्छ फळ मिळायलाच हवं. पण नियम तिकडं, औषध इकडं, आणि मधल्या यादीत एक ओळ कमी, हा खड्डा भरला कोणी? उगावकडचे एक शेतकरी, आबा, रोज सकाळी गेटवर येऊन बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, पट्टी नसली तर नसू द्या, सोसायटीला काय सांगू तेवढं सांगा."

आम्ही घरचं सोनं आणि देवळाजवळचा प्लॉट मोडला. शेतकऱ्यांचं देणं तीन हंगामांत फेडलं. दीर त्या वर्षी धंद्यातून बाजूला झाले. त्यांना दोष नाही.

तेव्हापासून एक सवय लागली. प्रत्येक कंटेनरमधली एक पेटी आम्ही आमच्याच कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो. तेच तापमान, तोच ग्रेप गार्ड, म्हणजे बुरशी रोखणारा वायू सोडणारा पेटीतला कागद. जहाज पोचेल त्या दिवशी ती उघडायची. तिकडून "माल खराब" असा मेल आला, तर आपल्याला आधी माहीत हवं. बाया तिला साक्षीदार पेटी म्हणतात.

मधली वर्षं भराभर सांगते. २०१४ची गारपीट, २०१९चा दिवाळीतही न थांबलेला पाऊस, २०२०चं लॉकडाऊन. बांगलादेश आयातशुल्क वाढवत गेला, तशी तिकडं जाणारी द्राक्षं इथल्याच बाजारात साचली. आणि पेरू! आमच्याकडं ते मीठ-मसाला लावून खायचं फळ. पण २०१३पासून पेरू देशाचा युरोपशी करार आहे, त्यांची द्राक्षं तिकडं शुल्काविना उतरायची आणि आमच्यावर ८ टक्के. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत, नेमक्या आमच्या वेळी, त्यांचाही माल असतो, नव्या पेटंटवाल्या जातींचा. आमच्या जुन्या थॉमसन जातीला कौतुक उरलं नाही.

२०२३चा नोव्हेंबर मात्र भराभर सांगता येत नाही. १९ तारखेला तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाज पळवल्याची बातमी टीव्हीवर पाहिली आणि चॅनेल बदललं. पुढच्याच रविवारी, २६ला, आमच्या तालुक्यात गारा पडल्या. ऑक्टोबर छाटणीच्या बागा, कोवळे घड. अर्ध्या तासात पांढरं शिवार. त्याच आठवड्यात एका सुपरमार्केटची प्रश्नावली आलेली: पाणी किती वापरता, डिझेल किती जाळता, कार्बनसाठी काय करता. मी सगळं भरून पाठवलं. गारांसाठी रकाना नव्हता.

जे घड वाचले त्यांचे चार कंटेनर झाले. हुथींच्या हल्ल्यांमुळं सुएझची वाट बंद, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून. तीन आठवड्यांचा प्रवास पाचांवर गेला, भाडं दुपटीच्या पुढं. ग्रेप गार्डमधला वायू इतके दिवस पुरेल का, हे कोणीच छातीठोकपणे सांगेना. पहिली साक्षीदार पेटी छत्तिसाव्या दिवशी उघडली. मणी घट्ट, रंग बरा, पण देठ तपकिरी, वाळक्या गवतासारखे. तिकडच्या ग्राहकाला देठ हिरवा लागतो. यजमानांनी एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड आहे." मी वहीत दिवस लिहिला.

आता निम्मा माल आम्ही ठरलेल्या भावानंच देतो. भाव कमी मिळतो, पण भरतानाच माहीत असतो. ग्रेप गार्ड दुहेरी घालतो. आबांच्या मुलानं दोन एकर बाग तोडून मका केला. उरलेल्या एकरावर गारा-पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकचं छत घालायचं म्हणतोय आणि कर्जासाठी आमचं पत्र मागतोय. पत्र द्यायचं की नाही यावर काल घरात रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. यजमान द्या म्हणतात.