भांडणं होत नाहीत का?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. जर्मनीत ट्यूबिंगनला पंधरा-वीस कुटुंबं बिल्डरशिवाय एकत्र येऊन इमारत बांधतात आणि अशा एका गटाची मी आर्किटेक्ट होते, एवढं कानावर पडायचा अवकाश, की समोरचा विचारतो, "भांडणं होत नाहीत का हो?" ज्यांचे निम्मे रविवार सोसायटीच्या सभांमध्ये गेले, त्यांना दुसरं काय सुचणार! तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: होतात. भरपूर होतात. फक्त कशावर भांडायचं आणि कशावर नाही, हे गावानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

ट्यूबिंगन हे नेकर नदीकाठचं जुनं गाव, विद्यापीठ 1477 सालचं. दुसऱ्या महायुद्धात स्टुटगार्ट उद्ध्वस्त झालं, हे मात्र बरंचसं जसंच्या तसं राहिलं. युद्ध संपता संपता फ्रेंच सैन्य इथं आलं आणि 1991 पर्यंत मुक्काम ठोकून होतं. ते गेलं तेव्हा गावाच्या दक्षिणेला बरॅकी, घोड्यांच्या पागा, रणगाड्यांची भलीमोठी शेड आणि मधून धडधडत जाणारा हमरस्ता एवढं मागे उरलं. आजूबाजूच्या जागा धरून सुमारे 60 हेक्टर. दुसऱ्या एखाद्या गावानं ही जमीन मोठे तुकडे करून विकून टाकली असती आणि हुश्श केलं असतं.

इथं आंद्रेआस फेल्टकेलर नावाचे गृहस्थ नगरपालिकेच्या नूतनीकरण खात्याचे प्रमुख होते. जुन्या गावठाणाच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या हातून झालेलं. त्या गावठाणातून त्यांनी नव्या वस्तीसाठी काय उचललं, तर प्लॉटचा आकार. उतरती छपरं आणि लाकडी चौकटींच्या भिंती जिथल्या तिथं राहिल्या. बारीक बारीक प्लॉट, प्रत्येकाचा मालक वेगळा, खाली कामाची जागा आणि वर बिऱ्हाड. कसब्यातली तांबट आळी ज्यानं पाहिली आहे त्याला यात नवीन काही वाटणार नाही. म्हणूनच 'ऐतिहासिक गावाला शोभेल असं' म्हणून नव्या इमारतींना जुन्या कमानी चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. सैन्यानं सोडलेल्या जागेवरच्या या नव्या वस्तीला फ्रेंच वस्तीच म्हणतात; तिथं घरं निळी, केशरी, लाल, कशीही आहेत. पण रस्त्यावरून चालताना दर आठ-दहा पावलांनी दार बदलतं, आणि त्यामुळे ती जुन्या गावाचीच नात वाटते.

आता पैशांचं. केंद्र सरकारकडून जमीन नगरपालिकेनं विकासाआधीच्या भावानं घेतली. कायद्यात तशी सोय होती. नंतर रस्ते, गटारं, बालवाड्या करून प्लॉट विकले आणि खरेदी आणि विक्रीच्या भावातल्या फरकातून हाच खर्च भागवला. विकताना बोली लावली नाही. भाव आधीच जाहीर. 'आम्ही इतकी कुटुंबं, खाली हे दुकान, वर अशी घरं' असा प्रस्ताव गटानं द्यायचा आणि नगरपालिकेनं निवडायचं. पसंत पडला, की काही महिने तो प्लॉट तुमच्यासाठी राखून ठेवला जातो. तेवढ्यात माणसं जमवा, नकाशा करा, बँकेशी बोला, मग नोटरीपुढे सह्या. जास्त पैसेवाला येऊन प्लॉट पळवेल ही धास्ती नसली, की माणसं किती शांतपणे बोलतात हे प्रत्यक्ष पाहावं लागतं.

इमारत रस्त्यालगत कुठल्या रेषेवर उभी राहणार आणि किती उंच जाणार, हे ठरलेलं. तळमजल्यावर धंदा किंवा काम हवं, हेही ठरलेलं. गाडी दाराशी ठेवायची नाही, वस्तीच्या कडेच्या सामायिक पार्किंगमध्ये ठेवायची, यावर चर्चाच नाही. उरलं ते तुमचं.

आणि उरलेल्यात भांडायला पुष्कळ असतं. आमच्या गटात पहिली ठिणगी लिफ्टची. वरच्यांना हवी, पहिल्या मजल्यावरचे म्हणाले आम्ही पैसे का भरू? मग कोणीतरी विचारलं, "म्हातारे फक्त वरचेच होणार का?" त्यावर बरीच शांतता पसरली आणि लिफ्ट झाली. जिना उघडा की बंदिस्त, यावरून दोन सख्खे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. एकीला पियानो होता, शेजाऱ्याला रात्रपाळी. तिथं वाद घालण्यात अर्थ नव्हता, मधली भिंत जाड केली आणि जादा खर्च दोघांनी वाटून घेतला. आमच्या कार्यालयाची युक्ती एकच: प्रत्येक हट्टापुढे त्याची किंमत लिहून तक्ता भिंतीवर लावायचा. किंमत दिसली, की निम्मे हट्ट आपोआप गळतात. स्वतःच्या घराच्या आत प्रत्येक जण राजा, ज्याची फरशी त्याचा खर्च. सगळ्यांचं जे आहे त्यावर मतदान. एकमताचा आग्रह धरणारे गट मी पाहिलेत. तिथं जो सर्वांत जास्त वेळ बसू शकतो त्याचंच चालतं.

खरी कसोटी पुढे लागते, आतल्या अंगणात. चारी बाजूंच्या इमारती वेगवेगळ्या गटांच्या आणि मधलं अंगण सगळ्यांचं. कुणाला वाळूचा खड्डा, कुणाला भाजीचे वाफे, कुणाला नुसतं गवत आणि निवांतपणा. आपल्या गटात दीड-दोन वर्षं भांडून शहाणी झालेली माणसं आता दुसऱ्या शहाण्या गटांसमोर बसतात. गंमत अशी, की हा वाद तुलनेनं लवकर मिटतो. तोवर सगळ्यांना सवय झालेली असते.

तळमजल्याचं मात्र सोपं नाही. गाळा कुणी घ्यायचा? आधी सगळे बिचकतात. आमच्याकडे गटानं मिळून घेतला आणि कमी भाड्यानं सायकल दुरुस्तीवाल्याला दिला. अशा गाळ्यांमुळेच वस्तीत दिवसाउजेडी माणसं दिसतात. नुसत्या राहत्या घरांची कॉलनी सकाळी नऊनंतर ओस पडते. रणगाड्यांची शेड पाडली नाही. तिच्या छपराखाली आता पावसातही मुलं खेळतात.

एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते. अशा गटात शिरायला हाताशी भांडवल लागतं, कर्ज मिळवायची पत लागते आणि संध्याकाळ-संध्याकाळ बैठकांना बसायची उसंत लागते. बिल्डरचा नफा वाचतो हे खरं, तरीही आमच्या टेबलाभोवती शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर हेच जास्त. दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई त्यात नव्हती. तिच्यासाठी भाड्याची घरं वेगळी बांधावी लागतात, आणि ती मुद्दाम ठरवून बांधावी लागतात.

"आपल्याकडे होईल का?" हा पुढचा प्रश्न. माणसांची अडचण नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी 1915 मध्येच सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. अडतं ते जमिनीशी. फ्रेंच सैन्य ट्यूबिंगनमधून गेलं त्याच 1991 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला: गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावात महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला फारच थोडं आलं, आणि जे हातातच नाही त्याचा भाव कोण बांधून देणार? लालबाग-परळच्या चाळकऱ्यांना एकत्र येऊन घर बांधायला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना प्लॉट कुणी देऊ केला नाही.

आणि निघता निघता विचारतात, "मग तुम्हीही तिथंच राहता ना?" नाही. मी स्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहते. आम्हीही एका गटात नाव घालू या, असं मी एकदा सुचवलं होतं. नवरा म्हणाला, तुझा पगार चालू आहे म्हणून तू त्या बैठकांना बसतेस, मी का बसू?