स्पे नदीकाठचा एक दिवस : पिंपे, कार्डू आणि रात्रीचे जेवण

स्कॉटलंडच्या ईशान्येकडील स्पे नदीच्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या आहेत, आणि तेथे येणारी बरीच जोडपी एका दिवसात तीन-चार डिस्टिलऱ्या उरकण्याचा बेत करतात. माझे मत याच्या उलट आहे. दिवसाला एकच डिस्टिलरी पाहावी, ती सावकाश पाहावी, आणि त्याआधी पिंपे कशी तयार होतात ते पाहून घ्यावे. जून महिन्यात एल्गिन येथे मुक्काम ठेवून मी आणि माझे पती याच क्रमाने एक दिवस फिरलो.

एल्गिन हे इन्व्हर्नेस ते ॲबर्डीन या रेल्वेमार्गावरचे गाव असल्यामुळे तेथे पोहोचणे सोपे आहे. तेथून 36 क्रमांकाची बस क्रेगेलाखी आणि ॲबरलाऊर या गावांवरून डफटाउनला जाते. चवी घेण्याचा बेत असेल तर भाड्याच्या गाडीचा विचार सोडून द्यावा, कारण 2014 च्या डिसेंबरपासून स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा 100 मिलिलीटरमागे 50 मिलिग्रॅम इतकी खाली आणलेली आहे, इंग्लंडमध्ये ती 80 आहे. गाडी आणलीच असेल तर चालवणाऱ्याने आपला वाटा छोट्या बाटलीत भरून मागावा. बहुतेक डिस्टिलऱ्या तशी सोय करतात.

सकाळी आम्ही प्रथम क्रेगेलाखी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या स्पेसाइड कूपरेजमध्ये गेलो. 1947 साली सुरू झालेल्या या कारखान्यात वर्षाला एक लाखाहून अधिक ओकची पिंपे दुरुस्त होतात किंवा नव्याने बांधली जातात, आणि हे काम वरच्या सज्जातून पाहता येते. अमेरिकेत बर्बन या तिकडच्या व्हिस्कीसाठी कायद्याने दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे भांडे लागते; म्हणून तिकडची एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला येतात आणि येथे पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा भरली जातात. कारागीर जुन्या पिंपाच्या फळ्या सोडवतो, खराब फळी काढून तिच्या जागी दुसरी बसवतो, लोखंडी पट्ट्या ठोकून सारे पुन्हा आवळतो, आणि या सगळ्यात ना खिळा असतो ना डिंक. फटी बुजवण्यासाठी तो वाळलेल्या लव्हाळ्याची पात घालतो. हे कसब शिकायला चार वर्षांची उमेदवारी करावी लागते. हातोड्यांचा आवाज एवढा असतो की सज्जात शेजारच्याशी बोलणे कठीण जाते, तरीही आम्ही तेथून लवकर हललो नाही. इतक्या वेगाने आणि इतके अचूक चालणारे हात पाहण्याचा योग वारंवार येत नाही. शनिवार-रविवारी काम बंद असते, म्हणून या भागाचा दिवस आठवड्याच्या मध्यातच ठरवावा.

पिंप आधी पाहिल्याचा उपयोग नंतर कळतो. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी मद्य किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात ठेवावे लागते. डिस्टिलरीतून निघालेला द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो. रंगाचा आणि चवीचा मोठा भाग लाकडातून येतो. पिंपात असताना वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून जाते. आपल्या गोव्यात सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली मॉल्ट व्हिस्की, तयार होते, तेथील उष्णतेत ही घट कितीतरी मोठी असते आणि पिंपातली प्रक्रियाही वेगाने होते.

कूपरेजमधून उतारावरून चालत गावात यावे आणि अभियंते टॉमस टेलफर्ड यांनी बांधलेला, 1814 साली पूर्ण झालेला बिडाचा पूल पाहून घ्यावा. सुमारे 46 मीटर लांबीची एकच कमान नदीवर टेकलेली आहे आणि दोन्ही टोकांना किल्ल्यासारखे बुरूज आहेत. 1829 च्या महापुरात खोऱ्यातील अनेक पूल वाहून गेले, हा टिकला. 1972 पासून त्यावरून मोटारी जात नाहीत, पायी जाता येते.

तेथून ॲबरलाऊरपर्यंतचे तीन-साडेतीन किलोमीटर आम्ही स्पेसाइड वे या पायवाटेने चाललो. ही जुन्या रेल्वेमार्गाची वाट असल्याने चढ जवळजवळ नाही, मध्ये एक छोटा बोगदा लागतो आणि बराच वेळ नदी सोबत असते. पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून सॅमन मासे धरणारी माणसे दिसतात. पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे. ॲबरलाऊरमध्ये वॉकर्स या शॉर्टब्रेड बिस्किटांच्या घराण्याचे दुकान आहे. हा व्यवसाय 1898 साली सुरू झाला. साध्या शॉर्टब्रेडमध्ये मैदा, लोणी, साखर आणि मीठ एवढेच असते, अंडे नसते. जिभेवर ती आपल्या नानकटाईसारखी विरघळते. घरी नेण्यासाठी यासारखी सोयीची वस्तू नाही. दुपारचे जेवण येथेच सूप आणि पावावर भागवावे, कारण रिकाम्या पोटी चवी घेणे शहाणपणाचे नाही.

ॲबरलाऊरहून कार्डू डिस्टिलरीला टॅक्सीने गेलो. टॅक्सी आणि डिस्टिलरीचा फेरफटका, दोन्हींचे आरक्षण आधीच करावे. खेड्यात टॅक्स्या मोजक्याच असतात. एवढ्या डिस्टिलऱ्यांमधून कार्डू निवडण्याचे कारण तेथील दोन स्त्रिया. हेलन कमिंग आपल्या शेतघरात परवाना नसतानाच मद्य गाळत असत, आणि जकातीचे अधिकारी आले की त्यांना आग्रहाने जेवायला बसवून घरामागे लाल निशाण चढवत, म्हणजे आसपासच्या इतर गाळणाऱ्यांना वेळेत सूचना मिळे, असे सांगतात. 1824 मध्ये रीतसर परवाना मिळाला. पुढे त्यांच्या सून एलिझाबेथ यांनी कारभार हाती घेऊन नव्या जागी डिस्टिलरी उभारली आणि मद्य गाळण्याची जुनी तांब्याची भांडी विल्यम ग्रँट यांना विकली. त्याच भांड्यांवर 1887 च्या नाताळच्या दिवशी ग्रँट यांच्या ग्लेनफिडिक डिस्टिलरीचे पहिले मद्य निघाले. 1893 मध्ये एलिझाबेथ यांनी कार्डू जॉन वॉकर यांच्या, म्हणजे जॉनी वॉकर व्हिस्कीच्या, कंपनीला विकली. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या दोन नावांच्या मुळाशी या सासू-सुनेचे कष्ट आहेत, ही गोष्ट मला त्या दिवसाची सर्वांत मोलाची वाटली.

चव घेताना घाई करू नये. पेला नाकाशी धरून तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे मद्याचा झणका बसत नाही. पहिला घोट पाण्याविना आणि पुढचा दोन-चार थेंब पाणी घालून घ्यावा. कार्डूच्या व्हिस्कीत मध आणि पेअर फळाचा गोडवा आहे, धुराचा वास जवळजवळ नाही, त्यामुळे नवख्यांनाही ती रुचते. माझ्या पतींनी तीन नमुन्यांपैकी एक अर्धा ठेवला, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

संध्याकाळी क्रेगेलाखीला परतून जेवलो. शेजारच्या किनाऱ्यावरील कलन गावाचे धुरावलेल्या हॅडॉक माशाचे, बटाटा आणि दूध घातलेले कलन स्किंक हे सूप मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये. शाकाहारी मंडळींनी ओट आणि डाळींचा शाकाहारी हॅगिस मागावा. सलगम आणि बटाट्याच्या लगद्याबरोबर तो पोटभरीचा होतो. शेवटी साय, रासबेरी, मध, भाजलेले ओट आणि थोडी व्हिस्की यांचे क्रॅनाखन घेतले. मद्य वर्ज्य असेल तर ते आधीच विचारावे. स्वयंपाकघरे लवकर बंद होतात, म्हणून साडेसातच्या आत टेबल राखून ठेवावे. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असल्याने वेळ झाल्याचे लक्षात येत नाही, आणि रात्रीच्या बसगाड्या विरळ असतात; परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवावी.

बाटल्या घ्यायच्या असतील तर त्या विमानात सोपवायच्या सामानातच ठेवाव्यात. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. ब्रिटनमध्ये पर्यटकांना दुकानातील खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय 2021 पासून बंद झाली आहे, म्हणून लेबलावरील किमतीतून काही वजा होईल असे धरून चालू नये.